यूनिक्स कुल

यूनिक्स कुल : अमेरिकेतील बेल टेलिफोन लॅबोरेटरीज या संशोधन संस्थेत १९६९ साली जन्मास आलेली यूनिक्स ही परिचालन प्रणाली, तिच्या लिखित संहितेपासून पुढे उतरलेल्या प्रणाली आणि तिचे वर्तन प्रमाण मानून स्वतंत्रपणे रचलेल्या प्रणाली यांच्या समूहास यूनिक्स कुल म्हणतात. विद्यापीठे व कचेऱ्यांतील सेवा-संगणक, महासंगणक, मेजावरील संगणक आणि भ्रमणध्वनी यांच्या फार मोठ्या भागात आज या कुलातील कोणती ना कोणती प्रणाली काम करते. मात्र या कुलाचा खरा सदस्य कोणास म्हणावे, या प्रश्नाला एकच उत्तर नाही. मूळ संहितेचा वारसा, नाव धारण करण्याचा कायदेशीर अधिकार आणि प्रत्यक्ष वर्तन अशा तीन कसोट्या प्रचारात असून त्या लावल्या असता तीन निरनिराळ्या याद्या हाती येतात. हा वाद केवळ नावाचा नाही. अनेक विद्यापीठांतील लोकांनी मिळून केलेल्या कामावर मालकी कोणाची आणि एका यंत्रासाठी लिहिलेली आज्ञावली दुसऱ्या यंत्रावर चालणार की नाही, हे प्रश्न त्यात गुंतलेले आहेत. म्हणूनच तो एकाहून अधिक वेळा न्यायालयात गेला.

परिचालन प्रणाली म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टिम ही संगणकाची यंत्रसामग्री आणि वापरणाऱ्याच्या आज्ञावली यांच्यामध्ये असते. प्रक्रियकाचा वेळ, स्मृती, चकती व इतर उपकरणे यांची वाटणी करणे, एका आज्ञावलीतील चूक दुसरीला बाधू न देणे व माहिती फाइलींच्या रूपाने सांभाळणे ही तिची मुख्य कामे होत. तिच्या अंतर्भागास गाभा किंवा कर्नल म्हणतात. आज्ञावलीला गाभ्याकडून एखादे काम करवून घ्यावयाचे असल्यास ती ठराविक नावाने व ठराविक रीतीने मागणी करते. अशा मागणीस सिस्टिम कॉल अशी संज्ञा आहे. प्रणालीची ओळख पटविताना या मागण्यांची यादी व त्यांचे नेमके अर्थ यांना फार महत्त्व येते, कारण आज्ञावली लिहिणाऱ्याला गाभ्याचे तेवढेच अंग दिसत असते.

उगम : मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, जनरल इलेक्ट्रिक व बेल लॅबोरेटरीज यांनी मिळून हाती घेतलेल्या मल्टिक्स या महत्त्वाकांक्षी प्रकल्पातून बेल लॅबोरेटरीज १९६९ मध्ये बाहेर पडली. त्यावर काम केलेल्या केनेथ टॉम्पसन यांनी त्याच वर्षी पीडीपी-७ या फारशा वापरात नसलेल्या लहान संगणकावर स्वतःच्या सोयीसाठी एक छोटी प्रणाली लिहिली. डेनिस रिची, डग्लस मॅक्‌इलरॉय इ. सहकारी तिच्या विकासात सहभागी झाले. यूनिक्स हे नाव मल्टिक्सवर केलेली कोटी आहे. मूळ प्रकल्पात जे अनेक होते ते येथे एक, असा तिचा रोख. १९७१ मध्ये पीडीपी-११ या संगणकावर संस्थेच्या एकस्व विभागाचे अर्ज टंकित व मुद्रित करण्यासाठी तिचा उपयोग होऊ लागला आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये तिची पहिली पुस्तिका निघाली. पुढील आवृत्त्या या पुस्तिकांच्या क्रमांकांनीच ओळखल्या जातात.

१९७३ मध्ये गाभा रिची यांनी तयार केलेल्या सी या भाषेत पुन्हा लिहिण्यात आला. तोपर्यंत परिचालन प्रणाली त्या त्या यंत्राच्या असेंब्ली भाषेत लिहिण्याचाच प्रघात होता. त्यामुळे यंत्र बदलले की प्रणाली टाकून द्यावी लागे. सी भाषेतील संहिता मात्र, त्या भाषेचा अनुवादक नव्या यंत्रावर तयार केला आणि यंत्राशी थेट संबंध असलेला थोडा भाग बदलला, की तेथे नेता येई. प्रणालीला यंत्रापासून वेगळे असे अस्तित्व मिळाले ते यामुळे. कुल ही कल्पनाच तेव्हापासून संभवते. एकाच यंत्राशी जखडलेल्या प्रणालीला वंशज असू शकत नाहीत.

कुललक्षणे : यूनिक्सची बहुतेक वैशिष्ट्ये सुटीसुटी पाहिल्यास सर्वस्वी नवीन नव्हती. शाखांसारख्या पसरणाऱ्या निर्देशिकांची रचना मल्टिक्समध्ये होती. चालू प्रक्रियेची हुबेहूब प्रत काढून नवी प्रक्रिया निर्माण करण्याची ‘फोर्क’ ही क्रिया कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील एका कालविभाजन प्रणालीत आधीच वापरात होती. नावीन्य होते ते निवडीत व काटकसरीत. फाइल म्हणजे केवळ अक्षरांची ओळ. तिच्या आत नोंदी आहेत की ओळी आहेत याची गाभ्याला फिकीर नाही. टंकयंत्र, छपाईयंत्र, चकती ही उपकरणेही फाइलींप्रमाणेच उघडावयाची, वाचावयाची, लिहावयाची व बंद करावयाची. नवी प्रक्रिया निर्माण करणे आणि तिच्यात दुसरी आज्ञावली भरणे या दोन क्रिया अलग ठेवलेल्या. आज्ञा स्वीकारणारी शेल ही गाभ्याचा भाग नसून इतरांसारखीच एक साधी आज्ञावली. ज्याला ती पसंत नसेल त्याने दुसरी लिहावी.

या सर्वांवर कळस चढविला तो १९७३ मध्ये आलेल्या पाइप या सोयीने. बागेतील पाण्याच्या नळीला गरजेप्रमाणे दुसरा तुकडा जोडावा त्याप्रमाणे आज्ञावली एकमेकींना जोडता याव्यात, असे टिपण मॅक्‌इलरॉय यांनी १९६४ सालीच लिहून ठेवले होते. पाइपमुळे एका आज्ञावलीचे उत्पादित थेट दुसरीचे आदान होऊ लागले. एक आज्ञावली नावे वेचणार, दुसरी ती अकारविल्हे लावणार, तिसरी त्यांतील पुनरुक्ती मोजणार. तिघींना परस्परांची माहिती असण्याचे कारण नाही. यापासून लहान, एकच काम नीट करणाऱ्या आज्ञावली लिहिण्याची जी शिस्त रूढ झाली, ती प्रणालीइतकीच या कुलाची ओळख ठरली.

काही लक्षणे मात्र उपयोगाची नसून केवळ आनुवंशिक आहेत आणि कुल ओळखण्यास तीच अधिक खात्रीची ठरतात. फाइल निर्माण करण्याच्या मागणीचे मूळ नाव ‘क्रिएट’ या इंग्रजी शब्दातील शेवटचे अक्षर गाळून लिहिलेले आहे. प्रणाली पुन्हा रचावयाची झाल्यास काय बदलाल, असे विचारता टॉम्पसन यांनी हे अक्षर घालीन असे उत्तर दिल्याचे प्रसिद्ध आहे. तरीही ते गाळलेले अक्षर आंतरराष्ट्रीय मानकातही तसेच गाळलेले आहे. काळ मोजण्याची पद्धतीही अशीच. १ जानेवारी १९७० च्या आरंभापासून लोटलेले सेकंद म्हणजे कालनिर्देश. ही संख्या जेथे चिन्हासह ३२ द्विमान अंकांत साठविली जाते, तेथे ती १९ जानेवारी २०३८ रोजी भरून जाईल आणि घड्याळ १९०१ सालात उडी घेईल. ६४ द्विमान अंकांच्या यंत्रांवर हा दोष राहिलेला नाही. टॉम्पसन व रिची यांच्या संहितेचा स्पर्शही न झालेल्या प्रणालींत हे दोन्ही विशेष आढळतात. यावरून या कुलात वारसा संहितेच्या द्वारे उतरतो तसा अनुकरणाच्या द्वारेही उतरतो, हे दिसून येते.

संहितेचा वारसा : बेल लॅबोरेटरीजची मालक अमेरिकन टेलिफोन अँड टेलिग्राफ कंपनी (पुढे ‘एटी अँड टी’) ही १९५६ च्या एका न्यायालयीन संमति-हुकुमाने बांधलेली होती, दूरध्वनी-सेवेबाहेरच्या व्यवसायात उतरण्यास तिला मनाई होती. परिणामी यूनिक्स हा विक्रीचा माल होऊ शकला नाही. विद्यापीठांना नाममात्र शुल्कात चुंबकीय फितीवर संपूर्ण संहितेसह ती देण्यात येई, मात्र दुरुस्तीची व साहाय्याची कोणतीही हमी नसे. या अनास्थेचा परिणाम अपेक्षेच्या उलट झाला. चुका सुधारण्यासाठी वापरणाऱ्यांनाच संहिता वाचावी लागली, आणि वाचणारे लिहू लागले. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठाचे जॉन लायन्स यांनी सहाव्या आवृत्तीच्या गाभ्याची सुमारे नऊ हजार ओळींची संहिता व तीवरील भाष्य वर्गासाठी तयार केले. १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या परवान्यात संहिता वर्गात शिकविण्यास बंदी घालण्यात आली. त्यानंतर लायन्स यांचे भाष्य जगभर छायाप्रतींच्या छायाप्रती होऊन फिरले. त्याचे रीतसर प्रकाशन १९९६ मध्येच होऊ शकले.

वारशाची सर्वांत मोठी शाखा बर्कली येथे फुटली. तेथे १९७४ च्या आरंभी यूनिक्स पोहोचली. टॉम्पसन यांनीही १९७५-७६ हे वर्ष तेथे अध्यापनात घालविले. विल्यम जॉय या विद्यार्थ्याने १९७७ च्या सुमारास सुधारणांची फीत वाटण्यास सुरुवात केली. बर्कली सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्यूशन, संक्षेपाने बीएसडी, या नावाने ती ओळखली जाते. १९७९ अखेरच्या आवृत्तीत आभासी स्मृती आली. अमेरिकन संरक्षण खात्याच्या प्रगत संशोधन संस्थेच्या साहाय्याने तयार झालेल्या १९८३ च्या ४.२ या आवृत्तीबरोबर, आजच्या इंटरनेटचा पाया असलेले टीसीपी/आयपी हे संदेशवहनाचे नियम विद्यापीठांत सर्वत्र पसरले. इकडे १ जानेवारी १९८४ रोजी एटी अँड टीचे विभाजन झाले, जुने बंधन सुटले व कंपनीने सिस्टिम ५ ही आवृत्ती व्यापारी तत्त्वावर जोमाने पुढे आणली. परवान्याचे शुल्क वाढत गेले. ज्या संहितेत विद्यापीठांनी वर्षानुवर्षे भर घातली होती, ती आता एका कंपनीचे व्यापारी गुपित ठरू लागली.

सादृश्य म्हणजे वारसा नव्हे, याचा एक उद्बोधक दाखला याच काळातील आहे. अमेरिकेतील मार्क विल्यम्स या छोट्या कंपनीने १९८० मध्ये कोहिरंट नावाची प्रणाली विक्रीस काढली. ती यूनिक्सशी इतकी मिळतीजुळती होती की संहिता चोरल्याचा संशय येऊन तपासणीसाठी खुद्द रिची यांना पाठविण्यात आले. त्यांनी ओळींशी ओळी ताडून न पाहता स्वतःला ठाऊक असलेल्या मूळ प्रणालीतील चुका व विक्षिप्त बारकावे कोहिरंटमध्ये उतरले आहेत काय, याचा शोध घेतला. हस्तलिखितांची वंशावळ लावणारा संशोधक समान पाठदोषांवर भर देतो, तीच ही रीत. मूळ संहितेचा बराच अभ्यास केल्याशिवाय ही प्रणाली निर्माण झाली असेल यावर विश्वास ठेवणे कठीण आहे, पण नक्कल केलेले असे काहीही सापडत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यांनी ही हकीकत पुढे स्वतःच सांगितली. केवळ पुस्तिकेवरून असे काम करणे अशक्य आहे, अशी साक्ष आपण प्रामाणिकपणे देऊ शकलो नसतो, असेही त्यांनी नमूद केले आहे.

न्यायालयीन निर्णय : बर्कलीच्या गटाने १९८० नंतरच्या दशकात एटी अँड टीच्या परवान्यापासून मुक्त होण्यासाठी जुनी संहिता तुकड्यातुकड्याने नव्याने लिहून काढली. शेकडो लोकांनी पुस्तिकेतील वर्णनावरून आज्ञावली पुन्हा रचून दिल्या. १९९१ च्या जूनमध्ये वितरित झालेल्या संचात जवळजवळ संपूर्ण प्रणाली होती; गाभ्यातील केवळ सहा फाइली लिहावयाच्या राहिल्या होत्या. त्या भरून काढून बीएसडीआय या कंपनीने आपली प्रणाली विकण्यास आरंभ केला आणि जाहिरातीतील दूरध्वनी क्रमांकातही यूनिक्स हे नाव गुंफले. एटी अँड टीच्या यूनिक्स सिस्टिम लॅबोरेटरीज या उपकंपनीने १९९२ मध्ये दावा दाखल केला व पुढे विद्यापीठालाही प्रतिवादी केले. ज्यांनी मूळ संहिता पाहिली त्यांच्या लेखनात तिची गुपिते उतरल्यावाचून राहत नाहीत, या मतावर वादीचा मोठा भर होता. हे मत मान्य झाले असते, तर संगणकशास्त्राच्या एका संपूर्ण पिढीला परिचालन प्रणाली लिहिण्याचा व्यवसाय बंद झाला असता.

न्यू जर्सीच्या संघीय न्यायालयाचे न्यायाधीश डिकिन्सन डेबेव्हॉइस यांनी मार्च १९९३ मध्ये तात्पुरता मनाई हुकूम नाकारला. त्यांच्या निर्णयातील एक मुद्दा वारशाच्या कसोटीच्या मुळावरच आघात करणारा होता. बर्कलीच्या शाखेचा आधार असलेली ३२व्ही ही आवृत्ती कंपनीने लेखाधिकाराची सूचना न छापता वाटलेली असल्याने, त्या काळच्या अमेरिकन कायद्याप्रमाणे तिच्यावरील लेखाधिकार गमावला असण्याची दाट शक्यता आहे, असे त्यांनी म्हटले. विद्यापीठानेही उलट दावा केला. सिस्टिम ५ मध्ये बर्कलीचे लिखाण भरपूर घेतले असून परवान्यानुसार आवश्यक तो श्रेयनिर्देश गाळला आहे, अशी त्याची तक्रार होती. वारसा एकाच दिशेने वाहत नव्हता हे यावरून उघड झाले. १९९४ च्या आरंभी तडजोड झाली. सुमारे १८,००० फाइलींपैकी तीन काढून टाकाव्यात, काहींत किरकोळ बदल करावेत व सुमारे सत्तर फाइलींवर कंपनीच्या लेखाधिकाराची सूचना घालून त्या मुक्तपणे वितरित होऊ द्याव्यात, असे ठरले. ज्या वारशासाठी एवढा खटाटोप झाला त्याचे प्रमाण हे. ती सूचना बर्कलीपासून उतरलेल्या प्रणालींच्या संहितेत आजही वाचावयास मिळते.

मानक व नाव : दरम्यान कुलातील भाऊबंदकीचा खरा भुर्दंड आज्ञावली लिहिणाऱ्यांवर पडत होता. सिस्टिम ५ मध्ये फाइलीचे नाव १४ अक्षरांपेक्षा मोठे असू शकत नसे, तर बर्कलीच्या ४.२ आवृत्तीत ते २५५ अक्षरांपर्यंत चाले. प्रक्रियेला बाहेरून दिल्या जाणाऱ्या संकेतांची हाताळणी दोहोंत भिन्न होती. संगणकांच्या जाळ्यावरून संदेश पाठविण्याच्या पद्धती तर पूर्णपणे वेगळ्या. प्रत्येक उत्पादक या दोन शाखांचे आपापले मिश्रण करून त्याला नवे नाव देई. इन्स्टिट्यूट ऑफ इलेक्ट्रिकल अँड इलेक्ट्रॉनिक्स एंजिनिअर्स या संस्थेने १९८८ मध्ये पॉझिक्स हे मानक प्रसिद्ध केले. हे नाव रिचर्ड स्टॉलमन यांनी सुचविले. मानकाने संहितेविषयी मौन पाळले. अमुक मागणी केली असता अमुक घडले पाहिजे, एवढेच त्यात सांगितलेले असते. ते कसे घडवावे हे रचनाकाराकडे सोपविलेले.

नॉव्हेल या कंपनीने १९९३ मध्ये एटी अँड टीकडून यूनिक्सचा व्यवसाय विकत घेतला आणि त्याच वर्षी ‘यूनिक्स’ हे व्यापारचिन्ह एक्स/ओपन या उत्पादकांच्या मंडळाकडे सोपविण्याचे ठरले. या कृतीने नाव आणि संहिता यांची कायमची फारकत झाली. प्रत्यक्ष आज्ञावली कोणकोणत्या सोयी वापरतात याची पाहणी करून जी यादी तयार झाली, तीत ९२६ मागण्या व कार्ये, ७० शीर्षफाइली आणि १७४ आज्ञा मिळून १,१७० बाबी होत्या. तिच्यातून एकत्रित यूनिक्स विनिर्देश सिद्ध झाला. एक्स/ओपन व ओपन सॉफ्टवेअर फाउंडेशन यांच्या विलीनीकरणातून १९९६ मध्ये ओपन ग्रुप ही संस्था अस्तित्वात आली. व्यापारचिन्ह तिच्याकडे आहे. जी प्रणाली ठरवून दिलेल्या चाचण्यांत उतरते व जिचा उत्पादक करार करून शुल्क भरतो, तिलाच यूनिक्स म्हणवून घेण्याचा अधिकार मिळतो. यूनिक्स ९५, यूनिक्स ९८, यूनिक्स ०३ व यूनिक्स व्ही७ अशा त्याच्या श्रेणी आहेत. पॉझिक्स व हा विनिर्देश यांची मुख्य संहिता २००१ पासून एकच आहे.

हिंदू धर्मशास्त्रातील परिभाषा वापरावयाची तर बर्कलीच्या शाखेला औरस म्हणावे लागेल व चाचणी उत्तीर्ण होऊन नाव मिळविणाऱ्या परक्या प्रणालीला दत्तक. विधी यथासांग झाला की दत्तकाला नाव मिळते. येथे औरसाला ते मिळत नाही, हा यातील विपरीत भाग होय. फ्रीबीएसडी, नेटबीएसडी व ओपनबीएसडी यांची परंपरा सहाव्या-सातव्या आवृत्तीपर्यंत अखंड दाखविता येते, पण त्यांच्या स्वयंसेवी मंडळांनी नोंदणी करून घेतलेली नसल्याने त्या कायद्याने यूनिक्स नाहीत. याउलट आयबीएमच्या मोठ्या संगणकांवरील प्रणाली १९६० नंतरच्या दशकातील अगदी वेगळ्या घराण्यातील आहे. तिच्यात अक्षरांचे अंकीकरणसुद्धा एबसिडिक या आयबीएमच्या स्वतःच्या पद्धतीने होते. आवश्यक त्या सर्व सोयी जोडून दिल्यामुळे तिला यूनिक्स ९५ हे चिन्ह रीतसर प्राप्त झाले. ॲपल कंपनीच्या मॅक संगणकांवरील प्रणालीत दोन्ही गोष्टींचा संयोग आहे. तिचा गाभा कार्नेगी मेलन विद्यापीठातील माक व बर्कलीची शाखा यांच्या संकरातून आला असून २००७ च्या १०.५ या आवृत्तीला व त्यानंतरच्या बहुतेक आवृत्त्यांना यूनिक्स ०३ हे चिन्ह मिळाले आहे.

मानकाची अक्षरशः पूर्तता किती पोकळ असू शकते, हे मायक्रोसॉफ्टच्या विंडोज एनटीने (१९९३) दाखवून दिले. अमेरिकन सरकारच्या खरेदीनियमांत पॉझिक्सची अट असल्याने तिच्यात तशी एक उपप्रणाली घालण्यात आली. मात्र ती मानकाच्या पहिल्या भागापुरतीच होती. शेल नाही, नेहमीच्या आज्ञा नाहीत, जाळ्यावर संदेश पाठविण्याची सोय नाही. अट पुरी झाली, पण विंडोजला यूनिक्स असे कोणीही म्हटले नाही.

लिनक्स : स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये एक संपूर्ण मुक्त प्रणाली लिहिण्याचा संकल्प जाहीर केला व तिचे नाव मुद्दाम ग्नू असे ठेवले, त्याची फोड ‘ग्नू म्हणजे यूनिक्स नव्हे’ अशी होते. या प्रकल्पातून सी भाषेचा अनुवादक, शेल व असंख्य आज्ञावली तयार झाल्या. गाभा तेवढा मागे पडला. वर्गात संहिता शिकविण्यास बंदी आल्यामुळे ॲम्स्टरडॅम येथील अँड्रू टॅनेनबाउम यांनी १९८७ मध्ये मिनिक्स ही छोटी प्रणाली पाठ्यपुस्तकासोबत प्रसिद्ध केली होती. ती वापरणाऱ्या लीनस टॉर्व्हाल्ड्‌स या हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थ्याने १९९१ मध्ये स्वतःचा गाभा लिहावयास घेतला. पॉझिक्स मानकाची प्रत सहज मिळेना, तेव्हा त्याने विद्यापीठातील सन कंपनीच्या यंत्राच्या पुस्तिकांवरून मागण्यांची यादी केली. लिनक्समध्ये बेल लॅबोरेटरीजची संहिता नाही, आणि सर्वसाधारणपणे तिची नोंदणीही कोणी केलेली नाही. चीनमधील इन्स्पर कंपनीची के-यूएक्स व ह्वावे कंपनीची यूलरओएस या लिनक्सवर आधारलेल्या दोन प्रणालींनी २०१० नंतरच्या दशकात यूनिक्स ०३ चे चिन्ह मिळविले होते, हा अपवाद.

वारशाचा प्रश्न लिनक्सच्या निमित्ताने पुन्हा उपस्थित झाला. नॉव्हेलने १९९५ मध्ये यूनिक्सचा व्यवसाय सांता क्रूझ ऑपरेशन या कंपनीला विकला व तिच्याकडून तो २००१ मध्ये कॅल्डेरा कंपनीकडे आला. १९७९ पर्यंतच्या जुन्या आवृत्त्या २००२ च्या आरंभी उदार अटींवर खुल्या करणाऱ्या याच कंपनीने एससीओ ग्रुप असे नाव घेऊन मार्च २००३ मध्ये आयबीएमवर दावा लावला. यूनिक्सपासून निष्पन्न झालेले लिखाण आयबीएमने लिनक्समध्ये घातले, असा तिचा आरोप होता. नेमक्या कोणत्या ओळी, हे सांगण्याची पाळी आली तेव्हा बहुतेक बाबी अपुऱ्या तपशिलामुळे न्यायालयाने २००६ मध्ये बाजूस सारल्या. शिवाय १९९५ च्या विक्रीत लेखाधिकार हस्तांतरित झालेच नव्हते, असा निर्वाळा ज्यूरीने २०१० मध्ये दिला व वरिष्ठ न्यायालयाने तो २०११ मध्ये कायम केला. आयबीएमविरुद्धचा दावा २०२१ साली तडजोडीने संपला. दोन्ही खटल्यांत वारशाचा दावा मोठ्या आवाजात मांडला गेला आणि प्रत्यक्ष मोजणीत तो अत्यल्प ठरला.

व्यवहारात निर्णय वापरणाऱ्यांनीच दिलेला आहे. पुणे येथील प्रगत संगणन विकास केंद्राच्या परम १०००० (१९९८) या महासंगणकात सन कंपनीची यंत्रे होती व त्यांवर सोलॅरिस ही सिस्टिम ५ पासून उतरलेली प्रणाली होती. परम मालिकेतील नंतरची बरीच यंत्रे लिनक्सवर चालतात. गणिती आज्ञावलींच्या दृष्टीने या बदलात नव्याने शिकावे असे फार थोडे होते, कारण मागण्यांची नावे, त्यांचे अर्थ, शेल व फाइलींची रचना तीच राहिली. जगातील सर्वांत वेगवान पाचशे महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक यंत्रावर नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्स आहे. रिची यांनीही लिनक्सला यूनिक्सच्या थेट वंशजांत गणून त्यांतील अत्यंत सुदृढ प्रणालींपैकी एक मानले होते. संहितेचा एकही दुवा नसताना ‘थेट’ हे विशेषण त्यांनी वापरावे, हे लक्षणीय आहे.

तेव्हा तीन कसोट्यांपैकी वर्तनाची कसोटी अधिक ग्राह्य धरणे युक्त होय. वारशाची कसोटी इतिहासकाराच्या उपयोगाची आहे, तर नोंदणीची खरेदीदाराच्या. वचनाप्रमाणे प्रणाली वागेल अशी लेखी हमी तिच्यामुळे मिळते. मात्र वर्तन म्हणजे केवळ मागण्यांची यादी नव्हे, हे विंडोज एनटीच्या उदाहरणावरून स्पष्ट आहे. कुलात वाढलेला माणूस परक्या यंत्रापुढे बसून शेलमध्ये आज्ञा देतो, पाइपने त्या जोडतो, जुनी आज्ञावली नव्याने अनुवादित करून चालवितो, आणि त्याला अडखळावे लागत नाही, इतके साम्य अपेक्षित आहे. अशा साम्याच्या सीमा धूसर असतात. भ्रमणध्वनींवरील अँड्रॉइड या प्रणालीचा गाभा लिनक्सचा आहे, परंतु तिच्यावरील आज्ञावली सर्वस्वी वेगळ्या व्यवस्थेत राहतात. तिला कुलात घ्यावे की नाही याबद्दल तज्ञांत एकमत नाही.

सीमेवरील सर्वांत चमत्कारिक उदाहरण बेल लॅबोरेटरीजचेच आहे. टॉम्पसन, रॉब पाइक इत्यादींनी तेथे १९८० नंतरच्या दशकात प्लॅन ९ ही प्रणाली रचावयास घेतली. १९९२ मध्ये ती विद्यापीठांना देण्यात आली. ‘सर्व काही फाइल’ हे तत्त्व तिच्यात मूळ यूनिक्सपेक्षाही कडकपणे पाळले आहे : पडद्यावरील खिडक्या, जाळ्यावरील जोडण्या व दूरच्या यंत्रातील प्रक्रियासुद्धा फाइली म्हणून हाताळता येतात. एकाच जागेत, एकाच परंपरेत आणि काही अंशी त्याच हातांनी लिहिलेली असूनही ती जुन्या मागण्यांना बांधलेली नाही. पॉझिक्सच्या आज्ञावली चालविण्यासाठी तिला वेगळा अनुकूलक जोडावा लागतो. तिच्या रचनाकारांनी तिला यूनिक्स म्हटले नाही. प्रक्रियांची माहिती फाइलींच्या रूपाने दाखविण्याची रीत व प्रत्येक प्रक्रियेला स्वतंत्र नामावकाश देण्याची कल्पना मात्र या प्रणालीतून पुढे लिनक्समध्ये विस्ताराने आली.